व्हय-न्हाय मास्तर

मानसशास्त्राच्या मास्तरांना साधं ‘चहा घेणार ना?’ असं विचारलं, तरी ते आधी ‘होय’ म्हणायचे आणि मग हा प्रश्न कसा सदोष आहे ते समजावून सांगायचे. “‘ना’ लावलंत की समोरचा भिडेनं होय म्हणणार. म्हणजे उत्तर तुम्हीच ठरवून टाकलंत.” तोवर चहा निवून जायचा. पुण्यात शिकून ते बेळगावच्या आमच्या ट्रेनिंग कॉलेजात आले, तेव्हा माणसाचं मन मोजता येतं ही बातमी आम्हाला त्यांच्याकडूनच कळली.

त्यांच्या प्रबंधासाठी एक इंग्रजी प्रश्नावली होती. प्रश्न शंभर, उत्तर फक्त होय किंवा नाही. मी मराठी शिकवत होतो, म्हणून भाषांतर माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच प्रश्नात पार्टी निघाली. मी म्हटलं, “आपल्याकडे पार्टी नसते, पंगत असते.” मास्तर दुखावले. “अर्थ बदलता येणार नाही. प्रश्न शास्त्रीय रीतीनं तपासलेला आहे.”

“कुणावर?”

“तिकडच्या, परदेशातल्या विद्यार्थ्यांवर.”

शेवटी ‘मेजवानीत अनोळखी लोकांशी तुम्ही आपणहून बोलता का?’ असा प्रश्न घेऊन आम्ही जवळच्या वडगावात एका विणकराच्या मागासमोर उभे राहिलो. त्यानं धोटा थांबवला. “मेजवानी कुणाच्यात हाय?”

“कुणाकडे नाही हो. समजा, असली तर.”

“अनोळखी मानूस आमच्या पंगतीला कशाला यील? आन आलाच तर आदी कोन, कुठला इचारू की.”

“म्हणजे बोलता. होय की नाही?”

“बोलावणं तर येऊ द्या, मास्तर.”

तिथूनच त्यांचं नाव ‘व्हय-न्हाय मास्तर’ पडलं. खासबागेतून जाताना मुलं मागून ‘व्हय?’ म्हणून ओरडायची आणि दुसरी ‘न्हाय!’ म्हणून साथ द्यायची. मास्तर मागं वळून गंभीरपणे सांगायचे, “प्रश्न अपुरा आहे.”

खोटं बोलणारा पकडायला प्रश्नावलीत एक सापळा होता. ‘तुम्ही आयुष्यात कधीच खोटं बोलला नाहीत का?’ याला जो ‘होय, कधीच नाही’ म्हणेल तो खोटारडा, असं तिच्या किल्लीत, म्हणजे गुण देण्याच्या तक्त्यात, लिहिलेलं होतं. निपाणीत तंबाखूचे एक वयोवृद्ध जैन व्यापारी होते. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. त्यांनी शांतपणे सांगितलं, “कधीच न्हाय. सत्याचं व्रत घेतल्यालं हाय आमी.” मास्तरांनी त्यांना खोटारड्यांत घातलं. आप्पांनी आम्हाला पोटभर जेवू घातलं, आणि वाटेत मी आक्षेप घेतला, तर मास्तर म्हणाले, “जेवण वेगळं, किल्ली वेगळी.”

निपाणीतच पुढचा घोळ झाला. ‘आपल्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे, असं तुम्हाला वाटतं का?’ याला झाडून सगळ्यांनी ‘होय’ म्हटलं. मास्तर काळजीत पडले. “अख्ख्या गावाला संशयाचा विकार जडलाय.” सीमाप्रश्नाच्या चळवळीचे दिवस होते. चौकाचौकात साध्या वेशातले पोलीस उभे असायचे आणि त्यातला एक दोन दिवस आमच्याच मागं होता. तिसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला चौकीवर नेलं.

फौजदारानं प्रश्नावली वाचली आणि एका प्रश्नावर बोट ठेवलं. “वरिष्ठांच्या हुकमाचा तुम्हाला राग येतो का? ही चिथावणी आहे. सरकारवर तुमचा राग आहे? होय का नाही?”

“तसं एका शब्दात सांगता येणार नाही, साहेब. प्रश्न फार ढोबळ आहे.”

“एका शब्दातच सांगायचं.”

मास्तर रुमालानं कपाळ पुसू लागले. प्रिन्सिपॉलसाहेबांची तार आली आणि आम्हाला सोडलं, तेव्हा दुपार कलली होती. परतीच्या मोटारीत मला हसू आवरेना. मास्तर हसले नाहीत. त्यांनी वहीत नोंद केली, ‘उत्तर देणाऱ्यास घाम येतो.’

एवढं होऊनही प्रश्नावली थांबली नाही, उलट तिला बढती मिळाली. कॉलेजच्या महिला वर्गाला जागा कमी आणि अर्ज फार. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, “गुण द्या, वरून खाली यादी लावा. माझ्या डोक्याला ताप नको.” मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. यादीत पहिली आली ती एका मामलेदारांची पुतणी. तिनं एकूण एक प्रश्नाला ‘नाही’ लिहिलं होतं, ‘सूचना नीट वाचल्या का?’ यालाही. शेवटची आली शहापूरची गंगाक्का, विणकराची तरुण विधवा. तिच्यापुढं शेरा होता, ‘मनाने अस्थिर’.

दुसऱ्या दिवशी ती शिक्षकांच्या खोलीत आली. “मास्तर, मी कशात नापास झाले?”

मास्तरांनी तिला किल्ली दाखवली. तिनं ती उभ्यानंच वाचली.

“मालक जाऊन दीड वरीस झालं. रडू येतं का म्हनून इचारलंसा, व्हय लिवलं. न्हाय लिवलं असतं तर घेतलं असतंसा?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग ते म्हणाले, “होय.”

“मंग तसं आदी सांगायचं न्हवं का,” ती म्हणाली आणि गेली. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मास्तरांनी सगळे कागद उचलले आणि थेट प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले. मीही मागोमाग गेलो.

“यादी रद्द करा, साहेब. चूक बायकांची नाही, कागदाची आहे.”

“कागद तुमचाच ना? आणि प्रबंधही याच्यावरच?”

“होता.”

“यादी उद्या वर जायची आहे, मास्तर.”

मास्तरांनी टेबलावरचीच दौत पुढं ओढली आणि प्रत्येक कागदावर आडवं लिहिलं, ‘ही चाचणी या लोकांसाठी तयार केलेली नाही.’ खाली सही. असे कागद वर पाठवता येणार नव्हते. मग तोंडी परीक्षा घ्यावीच लागली. गंगाक्का वर्गात आली आणि पुढं मच्छे गावच्या शाळेत तिनं कडक बाई म्हणून नाव काढलं. मास्तरांचा प्रबंध बुडाला. वर्ष संपताना साहेबांनी त्यांच्या गोपनीय अहवालात ‘स्वभाव अस्थिर’ असं लिहिलं आणि नेमणूक पुढं चालू ठेवली नाही.

ते चिकोडीच्या एका हायस्कुलात गेले. तिथं एका भुसार दुकानदाराकडून कानडी शिकले. मी अधूनमधून जायचो. संध्याकाळी त्यांच्या कट्ट्यावर कोणी ना कोणी बसलेलं असायचं. सुनेशी पटत नाही म्हणून एखादी म्हातारी, नाही तर मुलगा घर सोडून गेला म्हणून एखादा शेतकरी. मास्तरांच्या हातात कागद नसायचा. मध्येच ते “मग?” म्हणायचे, तेवढंच.

तापाचं निमित्त होऊन ते गेले. मी पोचलो तेव्हा कट्ट्यापासून रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. शेजारचा एक शेतकरी मला म्हणाला, “आमी समदं त्यास्नी सांगितलं बघा. त्यांचं काय चाललंय, ह्ये मातर कुनी इचारलंच न्हाय.”

मी त्यांना सात वर्षं ओळखत होतो. त्यांना भाऊ आहे, आणि त्यांचं घर कोकणात आहे, हे मला त्या दिवशी त्या भावाला कोकणच्या मोटारीतून उतरताना पाहून कळलं.