फळ्यावरचा कॉम्प्युटर

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. जुने चार जण चहाला बसले की एक म्हणतो, "ते कंडक्टरचं सांग की!" आणि मग दुसरा चहा मागवावा लागतो. आमच्या बॅचकडे असा साठा भरपूर आहे. कारण ऐंशीनंतरच्या त्या काळात कोल्हापुरात आम्ही बी.एस्सी.ला गणिताबरोबर कॉम्प्युटर हा विषय घेतला, आणि कॉलेजात कॉम्प्युटरच नव्हता!

आम्ही सात जण. मुलगी मी एकटी. शिवाजी पेठेतला फुटबॉलवाला बंडा होता, त्याची सगळी हुशारी पायांत. आणि मुरगूडचा तानाजी, तो खरोखरचा हुशार. पण त्याच्या वडिलांनी, आबांनी, त्याला निक्षून सांगितलं होतं, "तीन वर्सं दिली. एक जरी विषय उडाला, तर वळकटी बांधायची आन् गोठ्यात यायचं. म्हशींस्नी गणित लागत न्हाय!"

आबा बोलले म्हणजे करणारच. त्यामुळे तानाजी परत जाईल ही धास्ती आम्हालाही असायची. आमचा निम्मा अभ्यास तोच समजावून द्यायचा ना!

*

शिकवायला कुलकर्णी सर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी तासभर खपून अर्ध्या फळ्यावर रंगीत खडूंनी कॉम्प्युटरचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, 'पुसू नये.' ते चित्र दिवाळीपर्यंत राहिलं. त्याच वर्गात बॉटनीच्या मॅडमचा तास असायचा. त्या उरलेल्या अर्ध्या फळ्यावर झाडाची मुळं काढायच्या आणि धुसफुसायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत साफसफाई झाली. शिपाई विष्णूमामा चेहरा पाडून सरांकडे आले, "सर, कॉम्प्युटर पुसला गेला. नवा कवा येनार?"

"मंजुरी आल्यावर," सर म्हणाले. "रंगीत खडू संपलेत!"

*

मग सरांनी युक्ती काढली. आम्हालाच कॉम्प्युटर केलं! तानाजी कंट्रोल, म्हणजे प्रोग्रामची एकेक ओळ वाचून हुकूम सोडणारा. बंडा मेमरी. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याच्या खिशांत. चौघं बेरीज-वजाबाकी करणारे. माझं अक्षर बरं म्हणून मी प्रिंटर.

एके दिवशी बंडा आलाच नाही.

"मेमरी कुठंय?" सरांनी विचारलं.

"मेमरीची आज फायनल हाय, सर," तानाजी म्हणाला.

"आणि आकडे?"

"खिशात घिऊन गेलाय."

दुसऱ्या दिवशी बंडा उजळ माथ्यानं हजर झाला. पाच चिठ्ठ्यांपैकी दोनच सापडल्या. सर भडकले तर हा म्हणतो, "सर, जिंकलो न्हवं का! शर्ट काढून उडीवला, त्यात गेल्या!"

सरांनी नियम केला. यापुढं मेमरीनं मॅचला जाताना खिसे रिकामे करून जायचं.

*

सरांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "कॉम्प्युटर आपल्या मनानं थांबत नसतो. थांब असं लिहिलेलं असेल, तरच थांबतो." आम्ही ते अक्षरशः पाळायचो.

एकदा त्यांनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. आकड्यात एक मिळवा, उत्तर छापा, पुन्हा पहिल्या ओळीवर जा. 'थांबा' लिहायचं विसरले आणि ऑफिसातून बोलावणं आलं म्हणून गेले. आम्ही सुरू!

तास संपला. बॉटनीच्या मॅडम आल्या, ओरडल्या, प्रिन्सिपॉलना घेऊन आल्या. तोवर मी पाचशेच्या पुढं छापत आले होते. बोटं दुखायला लागली होती.

"काय चाललंय हे?" प्रिन्सिपॉल गरजले.

"प्रोग्राम थांबंना झालाय, सर," तानाजी म्हणाला आणि लगेच पुढचा हुकूम सोडला.

"मग थांबवा की!"

"तसं लिवल्यालंच न्हाय, सर!"

प्रिन्सिपॉल बाहेर वळून म्हणाले, "विष्णू, कॉलेज सुटल्याची घंटा दे!"

घंटा झाली. आम्ही दप्तरं उचलली आणि घरी गेलो.

*

शेवटच्या वर्षी कॉलेजात कार्डांना भोकं पाडायचं एक जुनं यंत्र आलं. प्रोग्रामची एक ओळ म्हणजे एक कार्ड. ही भोकं वाचणारा कॉम्प्युटर मात्र सांगलीकडच्या एका कारखान्यात! म्हणून पाळीपाळीनं एकेक जण सगळ्यांची कार्डं घेऊन बसनं जायचा.

तानाजीची पाळी होती. कंडक्टरनं त्याच्या मांडीवरचा गठ्ठा बघितला. "काय पावणं, कुठल्या डेपोची तिकिटं ही?"

"तिकिटं न्हाईत. कॉलेजची हाईत."

कंडक्टरनं वरचं कार्ड उचलून उजेडात धरलं. "आरं, कुनी पाडली ही भोकं? एक बी धड जाग्यावर न्हाय!" आणि तानाजी हां हां म्हणेपर्यंत त्यानं तिकिटं टोचायचा आपला चिमटा काढून कट्‌कन एक भोक पाडलं. "हां. आता बरोबर झालं!"

ते कार्ड तानाजीचंच होतं. मशिननं ते थुंकून टाकलं. जर्नलमध्ये प्रत्येक चुकीचं कारण लिहायची सक्ती होती. तानाजीनं प्रामाणिकपणे लिहिलं, 'चुकीचे कारण : कंडक्टर.' सरांनी खाली लाल शाईत शेरा मारला, 'पुढच्या वेळी मागच्या सीटवर बसावे.'

*

आणि मग आली शेवटची तोंडी परीक्षा. तीत नापास म्हणजे विषय गेला. आबा सकाळीच मुरगूडहून येऊन बाकावर आमच्या शेजारी बसले होते. वळकटी बांधायला दोरीसुद्धा घेऊन!

तानाजी आत गेला. बाहेरून आलेले परीक्षक इंग्रजीत विचारू लागले. तानाजीला इंग्रजी कळायचं सगळं, पण बोलायचं म्हटलं की दातखीळ बसायची. पाच मिनिटं आतून चकार शब्द नाही. आबा दोरीची गाठ सोडायला लागले.

तेवढ्यात परीक्षकांचा आवाज आला, "बरं, मराठीत सांगता?"

आणि तानाजी सुटला! रंगात आला की त्याचा आवाज चढायचाच. "न्हाय सायेब, तुमचं चुकलं! हितं बघा!" टेबलावर दाणकन थाप. "आसं कसं म्हनता? दावतो की तुमास्नी!" पुन्हा थाप.

आबा पांढरेफटक पडले. "झालं! सायबाच्या अंगावर गेलं!" म्हणत ते दार ढकलून आत घुसले आणि हात जोडून उभे राहिले. "सायेब, पोरगं तापट हाय. नापास करा, पर केस करू नगा. मी आत्ता न्हेतो त्येला!"

परीक्षक चष्मा सावरत म्हणाले, "अहो, भांडत नाही तो, उत्तर देतोय! माझ्याच गणितातली चूक दाखवली त्यानं. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस दिलेत मी."

तानाजीचं लक्षच नव्हतं. "आन् दुसरं आसं सायेब..." त्यानं पुन्हा हात उगारला.

आबांनी झेप घेऊन त्याच्या तोंडावर पंजा दाबला. "गप की आता! दिल्यात न्हवं? परत काढून घेतील!"