शेवंता अक्काचं नाक

शेवंता अक्काच्या नाकाची थट्टा करणाऱ्यांत मी पहिला, खोटं कशाला सांगू! चोपड्याच्या एका छोट्या दवाखान्यात मी, चुडामण, कंपाउंडर होतो आणि ती आया. पेशंट आला की मी केसपेपर काढायचो, तोवर ही त्याच्या तोंडाशी वाकलेली. "आं कर, भाऊ. सोड श्वास." फुप्फुसात पू झालेल्याचा श्वास सडका, मूत्रपिंडं बिघडलेल्याला लघवीचा वास, आणि साखर बेफाम चढली की पिकल्या केळ्यासारखा गोड. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं वीस वर्षं वॉर्डात वाकून वाकून हे जमवलं होतं. डॉक्टर मागाहून तपासायचे आणि बहुतेकदा तिचंच खरं निघायचं.

चौऱ्याण्णव साली डॉक्टरांनी एका मासिकात वाचलं, की दम्याच्या पेशंटच्या श्वासनळीची सूज नुसत्या श्वासावरून ओळखायची खटपट परदेशात चालली आहे, आणि त्याला भलंमोठं यंत्र लागतं. हसत म्हणाले, "आपलं यंत्र लुगडं नेसतं!" अक्का लाजून फिनेलची बादली घेऊन पळाली.

त्याच वर्षी मे महिन्यात तिची एकुलती लेक पुष्पा जामनेरहून माहेरी आली. जावई हिलालची केळी पिकवायची वखार होती. कच्चे घड बंद खोलीत रचायचे आणि धुरी द्यायची. घर वखारीला लागूनच, त्यामुळे पुष्पा दारात आली की केळ्याचा वास आधी आत यायचा.

यंदा पोरगी वाळली होती. तांब्यावर तांब्या पाणी पीत होती, पण त्या उन्हात आम्ही सगळेच पीत होतो. अक्कानं तिला जवळ घेतलं, गालाला गाल लावला आणि हसली, "तुना तोंडले वखारना वास ई राहिना, माय!"

वखारीचा वास येतोय म्हटल्यावर मी अतिशहाणा म्हणालो, "अक्का, जावयानं केळी सोडून पोरीलाच धुरी दिली वाटतं!" सगळे हसलो. पुष्पाही हसली.

दुसऱ्या दिवशी तिला उलट्या झाल्या. कैऱ्या बाधल्या, असं आम्हीच ठरवून टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठेना. श्वास खोल, भात्यासारखा चाललेला. डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवी उकळून पाहिली तर विटकरी रंग, म्हणजे साखर बेफाम. होतं ते इन्सुलिन टोचलं, सलाईन लावलं आणि जीप काढून आम्ही जळगाव गाठलं.

मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी निरोप मिळून हिलाल आलेला होता. अक्का त्याच्या अंगावरच धावली. "आग लागो तुनी वखारले! त्या वासनी माले फसाडं!"

तो बिचारा म्हणाला, "वखार? अक्का, वखार तर महिनाभर बंद शे. वादळमा पत्रा उडी ग्यात. पुष्पानी तुमले सांगं नही?"

अक्का तिथंच मातीत बसली. मग उठली, आत गेली आणि लेकीच्या तोंडाशी नाक नेऊन बसली. पुष्पा दुपारी गेली. बावीस वर्षांची होती हो पोर!

तेरावं झाल्यावर अक्का कामावर आली. वाकणं बंद. डॉक्टरांनीही कधी वास घे म्हटलं नाही. पावसाळ्यात एका बाईनं बेशुद्ध पोरीला उचलून आणलं. पोरगी असेल दहा वर्षांची. अक्का झाडू टाकून पुढे झाली, वाकली आणि ओरडली, "साखर शे, डॉक्टर! पयले साखर पहा!" खरं निघालं. ती पोरगी वाचली. तिची आई अक्काच्या पाया पडायला लागली, तशी अक्का मागे सरली आणि धुवायच्या खोलीत निघून गेली.

मी मागोमाग गेलो. नळ सोडून ती नुसती उभी होती.

"माले हाऊ वास वळखता येस ना, चुडामण भाऊ?" ती म्हणाली. "मंग तवय मी पोरले इचारं का नही, की वखारमा कवय गयथी?"

वखारीत कधी गेली होतीस, एवढं मीही पुष्पाला विचारलं नव्हतं. सगळ्यांना हसायला मीच लावलं होतं.