आशाताईंनी रूटला कुलूप घातलं

आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या मराठी शाळेचा सर्व्हर आशाताईंकडे गेला, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. सहासष्ट वर्षांची बाई, उभा जन्म हॉस्पिटलात फार्मसिस्ट म्हणून गेलेला, तिला सर्व्हर चालवणारं ते लिनक्स कुठून येणार? पण रिटायर झाल्यावर बाईंनी कॉलेजात जाऊन तो रीतसर शिकून घेतला होता. मी शाळेची सेक्रेटरी, आणि मलाच पत्ता नाही!

त्या सर्व्हरवर एकशे चाळीस मुलांचे पत्ते, फोन, कुणाला कशाची ॲलर्जी, सगळं. आणि आत शिरायला अख्ख्या कमिटीत मिळून एकच पासवर्ड. तोही 'रूट'चा, म्हणजे वाटेल ते पुसून टाकायचा अधिकार देणारा. चहाच्या कपाटावर चिकटवलेला! मे महिन्यात वर्षभराची हजेरी कुणीतरी उडवली. कुणी? नोंदी बघाव्यात तर सगळीकडे नाव एकच, रूट.

आशाताईंनी आठवड्याभरात पासवर्डनं आत येणं बंद केलं आणि रूटला बाहेरून आत यायचं दारही. प्रत्येकानं आपापल्या लॅपटॉपवर स्वतःची डिजिटल किल्ली करायची, तिला आपला गुप्त शब्द लावायचा, आणि तिच्या जोडीचं कुलूप तेवढं सर्व्हरवर ठेवायचं. मोठं काम निघालं तर त्या कामापुरताच वरचा अधिकार, तोही नावानिशी नोंद होऊन. खुद्द ताईंनाही तोच नियम.

झालं! अध्यक्ष श्रीकांतराव भडकले. नावाजलेले सर्जन, 'नाही' ऐकायची सवय कुठली? "आम्ही काय चोर आहोत? पासवर्ड परत आणा, नाहीतर काम सोडा!" एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, मतदान ठरलं. खरं सांगते, मीही त्यांच्याच बाजूची होते. किल्ल्याबिल्ल्या कोण सांभाळत बसणार? आळस, दुसरं काय!

एजीएमला ताई उठल्या.

"श्रीकांतराव, तुम्ही तीस वर्षं ऑपरेशनं केलीत. वॉर्डातल्या मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली कधी तुमच्या खिशात होती?"

"छे हो! ती सिस्टरकडे. आणि काढलेल्या प्रत्येक इंजेक्शनला दोन सह्या."

"मग तेव्हा तुम्हाला कुणी चोर म्हटलं?"

श्रीकांतरावांनी चष्मा काढून पुसला. मग उभे राहून म्हणाले, "चुकलं माझं, आशाताई. आणि ती हजेरी... बहुतेक मीच उडवली. फोटोंसाठी जागा करत होतो."

असा हशा पिकला म्हणून सांगू! ताईंच्या बाजूनं पहिला हात श्रीकांतरावांचा वर गेला. मग सगळ्यांचे, माझाही. विरोधात एक नाही. आशाताईंनी जिंकलं, आणि कसं जिंकलं!

श्रीकांतराव तिथल्या तिथे लॅपटॉप घेऊन स्टेजवर आले. ताईंनी सांगितलं तशी किल्ली तयार केली. आता गुप्त शब्द. सर्जनसाहेबांनी आपल्या खणखणीत आवाजात विचारलं, "ताई, मी काय म्हणतो, शब्द ठेवू का माझ्या नातीच्या..."

"सांगू नका!" अख्खा हॉल ओरडला.

आशाताई त्यांच्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि पोट धरून हसत होत्या.