तुळजाक्कांचा उलटा टंबलर

सर्व संपादकांस, वार्ताहरांस आणि समस्त कॉफीप्रेमी जनतेस कळवण्यात येते की, चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागातील एक अत्यंत महत्त्वाचे जेवणाचे टेबल अनिश्चित काळासाठी बंद करण्यात आले आहे. सदर टेबलावर अनेक कंपन्यांचे मालक घामाघूम झाले, दोघे रडले, एक जण पळून गेला. जनतेने याची गंभीर नोंद घ्यावी.

हे पत्रक तुळजाक्कांनी पाहिलं असतं तर पेन्सिल घेऊन 'अत्यंत' खोडलं असतं, मग 'महत्त्वाचे', मग 'गंभीर'. "टेबल राहू दे," म्हणाल्या असत्या. "टेबल खरं आहे."

अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या. आयुष्यभर त्यांनी एकच धंदा केला, लोकांना लोकांसमोर बोलायला शिकवण्याचा. आधी जॉर्ज टाउनचे घाऊक व्यापारी, मग पंप बनवणारे कारखानदार, आणि शेवटची काही वर्षं सिरुसेरीच्या आयटी पार्ककडची पोरं, ज्यांची कंपनी म्हणजे चार खुर्च्या आणि एक फळा. पत्रकार परिषद जवळ आली की ही पोरं अक्कांच्या टेबलाशी यायची. मी सांगलीहून नोकरीसाठी इथं आलो, नोकरी सोडली आणि अक्कांचा भागीदार झालो. माझ्याकडे लिखाण, आणि त्याहून मोठी जबाबदारी म्हणजे रंगीत तालमीत खवचट वार्ताहराची भूमिका. त्यासाठी मी खास एक बिनकाचांचा चष्मा ठेवला होता. अक्का म्हणायच्या, "सुधीर, तुझं नाटक बघायला तिकीट लावलं तर आपला धंदा बरा चालेल की." माझी मराठी त्यांना इस्त्रीची वाटायची, त्यांची मला तमिळ फोडणीची. "आमची मराठी तंजावरला आली तेव्हा तुझी रांगत होती," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

आणि टंबलर. इथल्या कॉफीला स्टीलचा टंबलर, म्हणजे उभा पेला, आणि पसरट वाटीसारखा डबरा लागतो, हे चेन्नईत सगळ्यांना ठाऊक. अक्का टंबलर कॉफीनं काठोकाठ भरायच्या, वर डबरा झाकायच्या आणि मनगटाच्या एका झटक्यात दोन्ही उलटं करून समोरच्यापुढे ठेवायच्या. कॉफी उलट्या टंबलरात अडकलेली, थेंब बाहेर नाही. हवी तर सरळ उत्तर द्यायचं, मगच टंबलर उचलायचा. गोलगोल बोललात तर बसा वासावर. "आत काहीतरी गरम आहे हे सगळ्यांना दिसतंय," त्या सांगायच्या. "हळूच स्वतः उचललंस तर डबऱ्यात उतरेल. दुसऱ्यानं ओढलं तर टेबलभर." संकटाच्या वेळी कंपनीनं काय करावं यावर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली, दिलीही. या दोन वाक्यांपलीकडे त्यांत काही नव्हतं.

अरुळ हा त्यांच्या टेबलाशी बसलेला शेवटचा. सिरुसेरीत मित्रांबरोबर त्यानं एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी मनगटी पट्टा केला होता. मुलं अमेरिकेत, आईवडील मांबलममध्ये, अशा घरांसाठी. माणूस पडला की पट्टा जवळच्यांना फोनवर कळवणार. पहिल्या पत्रकाच्या मसुद्यात 'क्रांतिकारी' असा शब्द होता. अक्कांनी खिडकीतून खाली गल्लीत डोकावून पाहिलं. "क्रांती कुठं झाली रे? मी इथंच राहते, मज काही दिसली नाही." अरुळ हसला आणि त्या दिवसापासून त्यांना पाट्टी, म्हणजे आजी, म्हणू लागला. पट्टा त्यांनी स्वतःच्या हातावर बांधून घेतला. "आधी माझ्यावर चालू दे, मग पेपरात." निरोप जायचे मला आणि अरुळला. मराठी निरोप मीच लिहून दिले होते, आणि मोठ्या हौसेनं. पडल्यास असा, चालल्यास तसा, आणि बराच वेळ हालचाल नसल्यास, 'आज निवांत आहेत. छान विश्रांती सुरू आहे.' 'निवांत' या शब्दावर मी फार खूश होतो.

तालमीत मी चष्मा लावून अरुळला हरतऱ्हेनं छळलं. तो टिकला. मग अक्कांनी आपला नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला. "तुमच्या पट्ट्याला काय जमत नाही?"

तो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बरंच येणार आहे. टंबलर उलटा. तो म्हणाला, अचूकता सतत वाढते आहे. टंबलर उलटाच. शेवटी त्या म्हणाल्या, "सेरी, असू दे. पुढच्या खेपेला सांग." कॉफी तशीच गार झाली. त्यांच्या घरात कॉफी वाया गेलेली मी तेव्हाच पाहिली.

पुढची खेप आलीच नाही… सकाळी मी दाढी करत होतो. फोनवर निरोप आला, तुळजाक्का आज निवांत आहेत. छान विश्रांती सुरू आहे. मला बरं वाटलं. शिट्टी वाजवत आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर शेजारच्या वसंता मामींचा फोन. "अक्का टेबलाशी बसल्यायत. हाक मारली तर बघत नाहीत."

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, बसल्या जागी, काही कळलंही नसेल. पट्टा मनगटावर होता, नीट चालू होता. त्या पडल्या नव्हत्या, मग तो काय कळवणार? समोर टंबलर उलटा, पेपर यायची वाट पाहत त्या नेहमी ठेवायच्या तसा.

आता इथं मी रडलो असं लिहायला हवं. चार माणसांत रडून दाखवायची माझी तयारी दांडगी आहे, हे मला ओळखणारे सांगतील. पण काही झालं नाही. मी तंजावरला त्यांच्या भाच्याला कळवलं, पेपरात द्यायची बातमी लिहिली, 'दुःखद' खोडलं, 'अकस्मात' खोडलं. खाली गल्लीत इडलीवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घातला आणि जिंकलोसुद्धा. परत वर आलो तर अरुळ स्वयंपाकघरात उभा होता. तो टंबलर आणि डबरा विसळत होता, बराच वेळ, नळ तसाच सोडून. "हा मी नेऊ का, सर?" त्यानं विचारलं. मी 'ने' म्हटलं. तेव्हापासून आजपर्यंत मी सगळं व्यवस्थित करतो आहे. जेवतो, विनोद सांगतो, लोक हसतात. कापसातून ऐकू यावं तसं ते हसणं येतं.

पत्रकार परिषद काही आठवड्यांवर होती. कंपनीत पैसे घातलेल्या गृहस्थांनी कळवलं की पाट्टींचा विषय कोणी काढायचा नाही. विचारलंच तर म्हणायचं, घटनेचा उत्पादनाशी संबंध नाही. वाक्य बिनचूक होतं. परिषद फसली तर कंपनी बुडणार, पोरांची सगळी वर्षं पाण्यात, हेही खरं होतं. तालीम सिरुसेरीत कंपनीच्याच काचेच्या खोलीत घेतली. मी चष्मा लावला, सगळे प्रश्न विचारले. एक सोडून. अरुळ थांबला. "सर, एक राहिला."

"कोणता?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

मी चष्मा काढला आणि म्हटलं, आता जेवून घेऊ.

परिषदेला वीसेक वार्ताहर असतील. कागदी पेल्यांतून कॉफी फिरत होती. व्यासपीठावर मात्र अरुळसमोर अक्कांचा टंबलर, डबऱ्यात उलटा. एकानं त्याचा फोटोही घेतला, काहीतरी स्थानिक सजावट समजून असावं. प्रश्न सोपे आले. किंमत काय, कुठं मिळणार, दुसऱ्या शहरांत कधी. अरुळची उत्तरं स्वच्छ, एकही विशेषण नाही. मागच्या रांगेत ते पैसेवाले गृहस्थ समाधानानं मान हलवत होते. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं विचारलं, आणखी काही प्रश्न? कोणीच हात वर केला नाही. खुर्च्या सरकू लागल्या.

अरुळनं टंबलरला हात घातला. माझं लक्ष त्याच्या बोटांकडे होतं. इतक्या सावकाश त्यांनी टंबलर उचलला की कॉफी काठाकाठानं डबऱ्यात उतरली, बाहेर थेंब नाही. शिकवलेलं विसरला नव्हता. खोलीत वास पसरला, वेस्ट मांबलमच्या त्या टेबलाचा. त्यानं माइक जवळ ओढला. पुढचं ना त्याच्या कागदावर होतं, ना माझ्या. मला त्यातलं अर्धंच माहीत होतं. तमिळमध्ये, आजीला सांगावं तशा आवाजात तो बोलून गेला,

"गेलेला माणूस आणि झोपलेला माणूस आमच्या पट्ट्याला सारखाच दिसतो, पाट्टी. त्या सकाळी निरोप आला, छान विश्रांती सुरू आहे… आणि मी त्या निरोपाला वर केलेला अंगठा पाठवला."