राजाची एक उडी

वडील वाशीच्या बाजारात पोती उचलायचे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना त्यांची पाठ धरली आणि डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. त्याच सुमारास त्यांचे बुद्धिबळाचे जोडीदार, शेजारचे काका, कायमचे साताऱ्याला गेले. वडील दुपारी पट मांडायचे, मोहरे पंचाने पुसायचे आणि न खेळताच पट गुंडाळून ठेवायचे. बोलणंही कमी झालं होतं. त्यांनी पुन्हा एक डाव खेळावा, एवढंच मला वाटायचं.

मी त्यांच्या पटाशी कधी बसले नव्हते. खेळ शिकले ते नेरूळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. टायपिंग संपलं की सर बुद्धिबळ लावू द्यायचे. चुकीच्या घरात मोहरा ठेवला की कॉम्प्युटर टुक्‌ आवाज करून तो परत पाठवायचा. त्या टुक्‌टुकीतूनच मला चाली समजल्या. घरी मात्र हे सांगितलं नव्हतं. का, कोण जाणे.

एका रविवारी सरांना विचारून मी वडिलांना क्लासमध्ये घेऊन गेले. बाहेर चपलांची रांग होती. त्यांनी आपल्या चपला शेवटी, जरा लांबच काढल्या. आत पडदे ओढलेले, एसीचा गारवा, आणि कॉम्प्युटरचा निळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर. आम्ही दोघं पाण्याखाली बसलोय असं मला वाटत होतं. ते हळू आवाजात चाल सांगायचे, मी बटणं दाबायचे. कॉम्प्युटरचा मोहरा आपोआप सरकला की ते मागे बघायचे, कुणी आहे का म्हणून.

मग शह बसायच्या आधीच त्यांचा राजा कोपऱ्यात अडकला. ते म्हणाले, "उडव त्याला घोड्यासारखा."

टुक्‌. राजा परत जागेवर. त्यांच्या गावाकडच्या खेळात पहिला शह बसेपर्यंत राजाला घोड्याची एक उडी असते. मी पुन्हा करून पाहिलं. टुक्‌.

"ह्याच्या गावात राजाला उडी न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "आन्‌ बोलत बी न्हाई ह्यो." आणि उठले.

खाडीकडच्या रस्त्याने आम्ही परतलो. ऊन उतरत होतं, मिठागरांतलं पाणी आणि आभाळ एकच दिसत होतं. आपण त्यांना आणखीच एकटं केलं, असं मला वाटत होतं. चालता चालता त्यांनी विचारलं, "तुला येतंय व्हय खेळायला?"

"थोडं."

घरी येऊन त्यांनी पट मांडला. मी पहिलंच प्यादं दोन घरं पुढे ठेवलं. त्यांनी ते एक घर मागे घेतलं.

"डोक्यावर पोतं घेऊन कुणी पळतंय का? एकएक पाऊल टाकू दे त्याला."

त्यानंतर ते बोलतच राहिले. माझा उंट लंगडा, वजीर झोपाळू, असं काहीबाही. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि ती आत गेली. खिडकीतलं ऊन पटावरून हळूहळू सरकत होतं, आणि एकही शह न बसता माझा राजा कोपऱ्यात अडकला होता. मी हार मानून हात मागे घेतला.

वडील थांबले. मोहऱ्यांकडे बघतच म्हणाले, "उडी राहिलीय की तुझी."

मी राजा उचलला. कुठूनही टुक्‌ झालं नाही. डाव तरीही मीच हरले, आणि वडील लगेच मोहरे पुन्हा मांडू लागले.