माफीचा व्हिडिओ

"काय चाचा, चेंडू पोरीच्या हातून सुटला, का सोडला?"

मंडईत, भर सकाळी, अब्बांच्या गाळ्यासमोर उभं राहून त्या माणसानं विचारलं. एकीकडे लिंबं दाबून दाबून बघत होता. आमचं जुनं गिऱ्हाईक. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून आमच्याकडूनच लिंबं नेतो. मी मागे मिरचीच्या पोत्यावर बसले होते, गुडघ्याला पट्टी बांधून. आदल्याच दिवशी परत आले होते. त्यानं मला पाहिलं. पाहूनच विचारलं.

अब्बा हसले. हसले! वर पिशवीत एक लिंबू जास्तीचं टाकलं.

"अहो, सहज विचारलं हो," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका. आपलीच मुलगी आहे."

आपलीच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेव्हा मी गप्प बसायचे.

मी हॉकी खेळते. भारताच्या महिला संघाची गोलकीपर. आशियातले सगळे देश सगळे खेळ खेळायला एका गावी जमतात, त्या स्पर्धेत आम्ही ब्राँझचा सामना हरलो. बरोबरी झाली, मग शूटआउट. म्हणजे समोरची एक पोरगी चेंडू घेऊन धावत येते आणि तिच्यासमोर एकटी गोलकीपर. ती वळली, मी लवकर आडवी झाले, गोल बसला. चुकलेच मी. ते कधी नाकारलं नाही. पण त्याआधी आमच्या गौरीनं समोरच्या गोलकीपरला चकवून, गोल सताड उघडा असताना, चेंडू बाहेर मारला होता. तोही सगळ्या देशानं पाहिला.

गौरी आमच्याच शहरातली, कर्वेनगरची. लहानपणापासून आम्ही एकाच क्लबात. तिच्या सोसायटीनं तिला गेटवर ओवाळलं. "हरलीस तरी आमची वाघीण गं तू," असं तिथल्या काकू म्हणाल्या. ती रडली, काकू रडल्या. तिनंच मला फोनवर सांगितलं.

माझ्या फोनवर तेव्हा वेगळंच चाललं होतं. किती घेतलेस? कुणासाठी खेळलीस? तिकडंच जा. बुरख्यातून दिसला नसेल चेंडू. माझ्या अम्मीबद्दल जे लिहिलं ते मी इथं लिहिणार नाही. लिहिणारे नावानिशी, फोटोनिशी. एकाच्या फोटोत त्याच्या मांडीवर त्याची छोटी मुलगी बसलेली होती.

मग सरांचा फोन आला. "मैदानावर ये. तुझ्या भल्याचं काम आहे."

सर म्हणजे आमचा क्लब चालवणारे. माझ्या हातात पहिली स्टिक त्यांनीच दिली. पायाला पहिली पॅडही त्यांनीच बांधली. म्हणून गेले. अब्बाही बरोबर आले.

"एक छोटा व्हिडिओ करायचा," सर म्हणाले. "आधी घोषणा द्यायची. मग हात जोडून देशाची माफी मागायची. माझं या देशावर प्रेम आहे, असं म्हणायचं. रडू आलं तर येऊ दे. चांगलं दिसतं."

"नाही केला तर?"

"तू इथं ज्या लहान मुलींना शिकवतेस, त्यांचे पालक कुरकुरतायत गं. तुझ्या हाताखाली मुली पाठवायच्या का, म्हणतात. मला क्लब चालवायचाय. उद्या निवडीला तुझं नाव कुठल्या तोंडानं पाठवू मी?"

म्हणजे संघ. माझा संघ, ज्यासाठी मी गुडघे फोडून घेतले. तो हवा असेल तर हात जोड.

अब्बा बाजूला उभे होते. घरातून निघताना डोक्यावर टोपी होती. आता नव्हती. खिशातून तिची कड दिसत होती. "बोल दे बेटा," ते हळूच म्हणाले. "क्या जाता है अपना?"

मी गोलपोस्टला टेकून उभी राहिले. मोबाईल धरायला सरांनी गौरीला बोलावलं होतं. "तिचा हात स्थिर असतो," म्हणाले. रिकाम्या गोलासमोर कुठं गेला होता कुणास ठाऊक.

आता आमच्या क्लबची एक रीत सांगते. गोल बसला की गोलकीपरनं मागं वळायचं, छातीवर हात ठेवायचा आणि सगळ्यांना मोठ्यानं "सॉरी" म्हणायचं. सरांची शिस्त. दुसऱ्या कुठल्या क्लबात नाही असलं काही. राष्ट्रीय शिबिरात मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा पोरी फिदीफिदी हसल्या होत्या. पुढे खेळणारीनं कितीही वेळा चेंडू बाहेर मारला तरी तिला म्हणावं लागायचं नाही. मला वाटायचं, गोलकीपरचं कामच तसलं. शूटआउटच्या त्या गोलानंतरही मी म्हटलं. सवयीनं. छातीवर हात ठेवून. कॅमेऱ्यानं नेमकं तेच पकडलं आणि लोकांनी तेवढाच तुकडा फिरवला. बघा, कबूल करतेय!

"चल, बोल," सर म्हणाले.

शब्द जिभेवर तयारच होता. इतक्या वर्षांचा पाठ. आपोआप बाहेर पडणार होता. गौरी माझ्याकडे बघतच नव्हती, पडद्यावरच्या माझ्याकडे बघत होती. मला त्या शब्दाची शिसारी आली.

"सर, गौरीचा व्हिडिओ कधी आहे?"

"तिचा काय संबंध?"

"रिकाम्या गोलासमोरून बाहेर मारला तिनं."

"अगं, तिला कोण काय विचारतंय? उगाच फाटे फोडू नकोस."

झालं. लख्ख दिसलं मला. चुकलो दोघी. पण तिची चूक हाताची आणि माझी रक्ताची.

"गौरे, बंद कर तो."

तिनं सरांकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, सरांकडे! मी तिच्या हातातून मोबाईल घेतला, बंद केला, परत तिच्याच हातात ठेवला.

"मी माफी मागणार नाही, सर."

"माज आलाय तुला. एवढं केलं तुझ्यासाठी, शेवटी जातीवर गेलीसच."

"जातीवर तुम्ही गेलात, सर. मी गोलाजवळच उभी आहे."

आम्ही रिक्षानं परत आलो. उतरताना अब्बा एवढंच म्हणाले, "तूने अच्छा नहीं किया. मुझे रोज मंडी में बैठना है." त्यांचंही खरं होतं. ते खरं असूनही मी माझा शब्द फिरवला नाही.

संध्याकाळी मला क्लबच्या ग्रुपमधून काढलं. गौरीचा मेसेज आला, "यार, समजून घे ना." काय समजून घेऊ?

आता बिबवेवाडीतल्या एका मोकळ्या मैदानावर एकटी सराव करते. भिंतीवर चेंडू मारते, उलटा आला की अडवते. येणारे जाणारे ओळखतात, कुजबुजतात. कुजबुजू देत. सर नाव पाठवणार नाहीत, तर खुल्या चाचणीला जाईन. रांगेत उभी राहीन. गोलही खाईन, गोलकीपर गोल खातेच. संघ मात्र सोडणार नाही. तो कुणी मला भीक म्हणून घातलेला नाही. आणि ज्या दिवशी गौरीला मोबाईलसमोर हात जोडून उभं करतील, त्या दिवशी मला विचारायला यावं. त्याआधी कुणी आलं, तर उत्तर मिळेल. माफी मिळणार नाही.