सासऱ्यांनी भरून ठेवलेला बार

लग्न होऊन खाडीकाठच्या मुर्धे गावाला आले, तेव्हा आमच्या घरात एक ठासणीची बंदूक भिंतीला टांगलेली होती. सासऱ्यांची. ते मी येण्याआधीच वारले होते. गंज चढलेल्या त्या नळीवर आम्ही लसणाच्या जुड्या अडकवायचो आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. मग दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीच्या एका उन्हाळ्यात थोरले दीर मुंबईहून गाशा गुंडाळून परत आले, आणि अख्ख्या घरात त्यांना नेमकी तीच दिसली.

त्याला कारण होतं. मिठागरात राबणार नाही, गिरणीत जातो, असं ते तरुणपणी म्हणाले, तेव्हा सासऱ्यांनी हीच बंदूक त्यांच्या छातीवर रोखली होती. पुन्हा दारात दिसलास तर उडवीन, म्हणाले होते. दीर गेले ते गेलेच. बाप वारल्याचा निरोप पोचला, तरी जिवावर उठलेल्या बापाला खांदा देणार नाही म्हणून आले नाहीत.

आता त्यांनी लसूण माझ्या अंगावर टाकला आणि बंदूक खाली काढली. माझी भांडी घासायची राख आणि माझंच खोबरेल संपवून गंज काढला, अडकलेला घोडा मोकळा केला. लोहारानं नळीत गज घालून पाहिला. तो तळाला टेकेना, चार बोटं वरच अडला.

"हिच्यात बार हाय," लोहार म्हणाला आणि गज अलगद बाहेर काढून मागे सरला. भरल्या नळीत लोखंड खुपसणार नाही, उडवूनच रिकामी करा, असं त्याचं म्हणणं.

रात्री जेवताना माझ्या नवऱ्यानं शपथेवर सांगितलं की त्या भांडणानंतर बंदूक जी टांगली, ती कुणी चालवलेली नाही. म्हणजे बार त्याच दिवशीचा. दिरांनी ताट बाजूला सारलं.

"बापुस मना खराच मारनार व्हता का," ते म्हणाले, "येवढा मना बगायचा हाय."

खाडीच्या हवेनं दारू ओलावली असणार, म्हणून बंदुकीला ऊन द्यायचं ठरलं. अंगणात माझ्या वाळत घातलेल्या जवळ्याशेजारी ती चटईवर पडून राहू लागली. ऊन सरकेल तशी दीर ती फिरवायचे, आणि नळीचं तोंड फिरेल तशी गावच्या बायकांची विहिरीची वाट फिरायची. दुपारी नळी रस्त्याकडे वळायची, तेव्हा तर सगळ्या घागरी घरात शिरून माझ्या चुलीपुढून जायच्या. पाणी सांडायचं ते सांडायचं, वर आमटीत काय घातलंय याची चौकशी. माझ्या नाकी नऊ आले. पण थोरल्या दिरांना बोलणार कोण?

उत्तनच्या एका ख्रिस्ती घरातून, सणाला बार उडवायला ठेवलेली थोडी बंदुकीची दारू आणि घोड्याखाली फुटणाऱ्या टोप्या मिळाल्या. लोहारानं टोपीखालच्या छिद्रातून ती दारू चिमटीनं आत सारली. बंदूक एका मोडक्या बैलगाडीला बांधली, चापाला सुंभ लावला, समोर जुन्या होडीची फळी उभी केली. सगळा गाव लोटला. परवाना वारलेल्या माणसाच्या नावाचा, त्यामुळे पाटील कानांत कापूस कोंबून आले. उद्या कुणी विचारलं तर आपण काही ऐकलं नाही, असं त्यांना खरं सांगायचं होतं.

दिरांनी सुंभ ओढला. टोपी फुटली आणि पुढे काहीच नाही. "मेली ती," म्हणत माझा नवरा गाडीकडे निघाला, तेवढ्यात बार उडाला. धुरात गाव दिसेनासा झाला. गाडी उलटी धावत जाऊन चिखलात बसली, नवरा पालथा पडला, आणि पाटील मोठ्यानं विचारत होते की कधी उडवताय.

धूर विरला तेव्हा सगळे फळीकडे धावले. भोक नव्हतं. काजळी होती आणि तिच्यात रुतलेले पांढरे कण. दिरांनी बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"मीठ हाय," ते म्हणाले.

लोहारानं मान हलवली. आगरावरचे चोर पळवायला जुने लोक जाडं मीठच भरायचे, त्यानं कातडं सोलतं, जीव जात नाही, असं तो सांगू लागला. लोक हसायला लागले. मलाही हसू फुटलं, सगळ्या उन्हाळ्याचा राग त्यात निघाला.

दीर मात्र फळीपाशी उकिडवे बसले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

"येवढ्याशा मिठापायी," ते म्हणाले, "मी बापसाला खांदा द्याला आलो न्हाय."